फक्त मराठीत माजी

मी कॉव्हेंट्रीत राहायला आले त्याच्या तिसऱ्या दिवशी पोस्टमनने शेजारच्या घराचं एक पाकीट चुकून आमच्या दारात टाकलं. जाड, साईच्या रंगाचं पाकीट, कोपऱ्यात सोनेरी शिक्का. मी ते घेऊन शेजारी गेले. दार एका ठेंगण्या पण अगदी ताठ बाईंनी उघडलं. वय सत्तरच्या पुढे, केसांची घट्ट वेणी, घरातच असूनही स्वेटरला चांदीचा ब्रोच. त्यांनी पाकीट लगेच हातात घेतलं नाही. चष्मा नाकावर सरकवून वरचा पत्ता वाचला आणि विचारलं, "पेन आहे?"

माझ्याकडे होतं. त्यांनी पाकीट चौकटीवर टेकवलं आणि त्यावर शाळेतल्या फळ्यावर लिहितात तशा अक्षरात लिहिलं, 'या पत्त्यावर अशी कोणी व्यक्ती राहत नाही. परत पाठवावे.' मग ते माझ्याच हातात दिलं.

"कोपऱ्यावर पोस्टाची पेटी आहे."

"पण नाव तुमचंच आहे ना?" मी घाबरत विचारलं.

"नाव माझंच आहे. नावाखाली काय लिहिलंय ते वाच."

नावाखाली इंग्रजीत लिहिलं होतं, माजी राजदूत.

"मी माजी नाही," त्या म्हणाल्या. "मी राजीनामा दिलेला नाही."

दार बंद झालं. मी दोन पावलं गेले असेन नसेन, ते परत उघडलं. "तुझं नाव काय?" मी सांगितलं. त्यांनी स्पेलिंग विचारलं. त्यांच्या स्पॅनिश भाषेत 'J' या अक्षराचा उच्चार 'ह' होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. "सुहाता," त्या म्हणाल्या, जणू काही माझी चूक दुरुस्त करत होत्या. तेव्हापासून सुजाताची मी सुहाता झाले.

घरी आल्यावर वैशालीताईंना सांगितलं. वैशालीताई म्हणजे माझ्या घरमालकीण. मूळच्या नागपूरच्या, इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत. त्या हसायला लागल्या. "गेलीस का तिकडे? अगं, त्या अ‍ॅम्बॅसेडर होत्या म्हणे कुठल्या तरी देशाच्या. कौन्सिलला पत्रं लिहीत बसतात. कौन्सिल घाबरून असतं आपल्या स्ट्रीटला. चांगलंय म्हणा, बिन्स वेळेवर जातात."

ही गोष्ट खरी निघाली. पुढे मी बाईंची पत्रं टाइप करून द्यायला लागले, तेव्हा कचऱ्याबद्दलचं पत्र पाहिलं. त्याची सुरुवात अशी होती: 'खाली सही करणारी कौन्सिलच्या कचरा विभागास सादर अभिवादन करते, आणि मंगळवारी रिसायकलिंगचा डबा न उचलला गेल्याच्या घटनेकडे आपलं लक्ष वेधण्याचा मान घेते.' शेवटी, 'या संधीचा लाभ घेऊन आपल्याविषयीच्या परम आदराची पुन्हा ग्वाही देते.' मी म्हटलं, कचऱ्यासाठी एवढं? बाई म्हणाल्या, "युद्ध जाहीर करायचं पत्रही असंच असतं. शिव्या देणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. इतक्या नम्र माणसाला कोणी काय उत्तर देणार?"

त्यांचं नाव दोन्या ओतिलिया. 'दोन्या' हे आपल्या 'बाईं'सारखंच मानाचं. म्हणून मी त्यांना बाई म्हणायला लागले. बाई म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, बाई म्हणजे स्त्री, आणि आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेलाही बाई म्हणतात. त्या खूश झाल्या, कारण त्या खरंच आधी शिक्षिका होत्या. दक्षिण अमेरिकेतल्या एका डोंगराळ देशात, खाणीच्या गावात. देशाचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या बहिणीची मुलं अजून तिथेच आहेत.

बाईंचं सगळं चरित्र मला माहीत नाही. विचारलं तर त्या एकेका वाक्यात सांगायच्या. वडील खाणीत कामाला. त्यांना वाचता येत नव्हतं. कंपनीच्या कागदावर ते अंगठा उठवायचे आणि कागदात काय आहे हे महिनाअखेरीस कळायचं. घरात शिकलेली पहिली ओतिलिया. मग शाळा, मग युनियन, मग संसद, मग कामगारमंत्री, मग लंडनला राजदूत. "राजकारणात बोलायची सवय लागते," त्या म्हणायच्या, "आणि राजदूत झालं की गप्प बसायची लावून घ्यावी लागते. पहिल्या परीक्षेत मी पास झाले. दुसरीचा निकाल तू बघतेसच."

माझ्याही आजोबांचा अंगठाच होता. माझी आई परभणीजवळच्या एका गावात अंगणवाडीत मदतनीस आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, आणि इथे स्कॉलरशिपवर आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला आले होते. बाईंनी माझं एक पाठ्यपुस्तक चाळून परत दिलं. "यात सगळे देश बोलतात. माणूस एकही बोलत नाही."

आता त्या राजीनाम्याची गोष्ट सांगते.

बाईंच्या देशात सैन्याने सरकार उलथवलं तेव्हा त्या लंडनला होत्या. नव्या लोकांनी सगळ्या राजदूतांना एक छापील मजकूर पाठवला, 'मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे.' खाली फक्त सही करायची. काहींनी केली. काहींनी नव्या साहेबांचं अभिनंदन करून खुर्ची टिकवली. बाईंनी तो कागद लाल पेनने व्याकरण दुरुस्त करून परत पाठवला. सही केली नाही. आठवड्याभरात तिकडच्या पेपरात बातमी आली, की दोन्या ओतिलिया यांनी स्वेच्छेने राजीनामा दिला.

मग त्यांच्या जागी नवा माणूस आला. तो म्हणाला, मागच्या दाराने जा, पुढे पत्रकार आहेत. बाई म्हणाल्या, "मी पुढच्या दाराने आत आले होते." बाकीचं सामान मागाहून पाठवू असं त्यांना सांगितलं होतं (ते आलंच नाही), म्हणून त्यांनी एकच वस्तू हातात घेतली. त्यांच्या आईचा दगडी वरवंटा. आपल्या पाट्यावरच्या वरवंट्यापेक्षा जाड, अर्धगोल, दोन्ही हातांनी पुढेमागे डोलवायचा. तो छातीशी धरून बाई पुढच्या दाराने बाहेर पडल्या.

"राजदूत निघतो तेव्हा दारावरच्या माणसाने टोपी काढून उभं राहायचं," त्यांनी मला समजावलं. "गाडी दिसेनाशी होईपर्यंत हलायचं नाही. असा रिवाज आहे. पण माझी गाडी काढून घेतली होती. मी चालत होते. हा दगड घेऊन कोपऱ्यापर्यंत जायला किती वेळ लागतो, माहीत आहे? आणि तो बिचारा म्हातारा थंडीत टोपी काढून उभाच. बाकी सगळे पडद्याआडून बघत होते. मी वळून त्याला ओरडून सांगितलं, आत जा, सर्दी होईल. तरी हलला नाही."

त्यानंतर ओळखीच्या लोकांनी त्यांचे फोन घेणं बंद केलं. कॉव्हेंट्रीतल्या मोटार कारखान्यातला एक जुना युनियनवाला मित्र होता, त्याने आपल्या घरातली खोली दिली, म्हणून त्या इकडे आल्या आणि इथेच राहिल्या. गंमत म्हणजे, इंग्रजीत कोणाला वाळीत टाकलं तर त्याला 'कॉव्हेंट्रीला पाठवलं' असं म्हणतात. बाई हे सांगून मनापासून हसायच्या. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मला हसायला थोडा वेळ लागला.

तो वरवंटा आता त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर असायचा. इथल्या दुकानातल्या बटाट्यांबद्दल बाईंचं मत फार वाईट होतं. "हे बटाटे नाहीत. बटाट्यांचे कारकून आहेत. सगळे एका मापाचे, आणि कोणालाच चव नाही." एकदा मी त्यांच्या दगडावर हिरव्या मिरचीचा ठेचा केला आणि उकडलेल्या बटाट्याबरोबर दिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी पाणी आणायला उठले तर मनगट धरून मला खाली बसवलं. "बस. या देशात आल्यापासून पहिल्यांदा कोणी माझ्याशी खरं बोललंय."

ठेचा करायच्या आधी वरवंट्याखालचा कागद बाजूला ठेवावा लागायचा. तो फॉर्म होता. त्यांच्या देशातलं सरकार आता बरंच मवाळ झालं होतं. बाहेर राहिलेल्या जुन्या लोकांना परत यायचा परवाना द्यायला तयार होतं. फॉर्म भरायचा, एवढंच. पण त्यात आधीच छापलेलं होतं, 'पद सोडण्याचं कारण: स्वेच्छेने राजीनामा.' तिकडे बाईंची धाकटी बहीण होती, आंपारो. तिची फुप्फुसं निकामी होत चालली होती. दोघी बहिणींनी एकमेकींना हात लावला त्याला इतकी वर्षं झाली होती की बाई तो आकडा सांगायच्या नाहीत. सही केली की भेट. नाही केली की नाही.

फॉर्म घेऊन दूतावासातला एक तरुण अधिकारी स्वतः आला होता. मी तेव्हा तिथेच होते. बाईंनी त्याला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, बडीशेपेचा चहा दिला, त्याच्या आईची चौकशी केली. तो फार चांगला मुलगा होता, खरंच. म्हणाला, "दोन्या ओतिलिया, एकच तर शब्द आहे."

"एकच आहे ना?" बाई म्हणाल्या. "मग तुम्हीच बदला. आम्ही दोघी बहिणी म्हाताऱ्या आहोत. तुम्ही अख्खं सरकार आहात."

तो फॉर्म ठेवून गेला. तो पायऱ्या उतरून, फाटक ओलांडून, वळणावर दिसेनासा होईपर्यंत बाई दारात उभ्या होत्या.

एप्रिलमध्ये आमच्या लोकांचा जयंतीचा कार्यक्रम असतो. एक हॉल भाड्याने घेतात, निळ्या पताका लावतात, बर्मिंगहॅमपासून लोक येतात. वैशालीताईंनीच सुचवलं, की शेजारच्या बाईंना पाहुण्या म्हणून बोलवू. बाईंचा परिचय मराठीतून मी करून द्यायचा आणि इंग्रजीतून वैशालीताईंच्या रियाने. रिया पंधरा वर्षांची. तिचा जन्म इथलाच, मराठी कळतं पण बोलताना 'माझा आई' आणि 'मोठा गाडी' असं होतं.

मी रात्रभर विचार करून परिचय लिहिला होता. पण घाबरल्यावर माझ्या तोंडून नेहमीचाच शब्द जातो. मी म्हटलं, "आजच्या पाहुण्या, माजी राजदूत, दोन्या ओतिलिया." बोलले आणि जीभ चावली. पण बाईंना मराठी कुठे कळतंय, असा विचार करून पुढे गेले.

मग रिया माइकसमोर आली आणि इंग्रजीत स्वच्छ आवाजात म्हणाली, "आजच्या आपल्या पाहुण्या, उर्मट राजदूत, दोन्या ओतिलिया."

हॉलमध्ये असा हशा पिकला की पुढच्या रांगेतले गायकवाड सर खुर्चीतून पडायचे राहिले. वैशालीताईंनी कपाळावर हात मारला. "अगं कार्टे, काय बोललीस!"

"मम्मी, तूच रोज बोलते ना मला!" रिया माइकवरच म्हणाली. "माज आला तुला, माज आला तुला. मग माजी म्हणजे तेच ना?"

आता हशा थांबेचना. बाई ताठ बसून माझ्याकडे बघत होत्या. मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन, अडखळत, सगळं खरं सांगितलं. की मी मघाशी तो शब्द वापरला, जो तुम्हाला चालत नाही. की मराठीत त्याला माजी म्हणतात. की माज हा वेगळा शब्द आहे, त्याचा अर्थ मस्ती, तोरा. ज्याने खाली बघून चालावं असं लोकांना वाटतं, तो वर बघून चालला, की लोक म्हणतात याला माज आलाय. आणि रियाने दोन्ही एकत्र केले.

"आमचे आजोबा नवीन चप्पल घालून गावातून गेले तेव्हा त्यांनी हेच ऐकलं होतं," मी म्हटलं. हे मी का बोलले मला माहीत नाही. ते परिचयात नव्हतं.

 बाई उठल्या, माइकजवळ गेल्या, हनुवटी वर केली आणि पहिलं वाक्य मराठीत बोलल्या. आयुष्यातलं पहिलं मराठी वाक्य. "मी... माजी... राजदूत." मग इंग्रजीत, "इंग्रजीत मी माजी नाही. स्पॅनिशमध्ये तर नाहीच. पण मराठीत चालेल."

टाळ्या किती वेळ वाजल्या ते सांगत नाही, तुम्हाला खोटं वाटेल. परतताना गायकवाड सरांनी दारापर्यंत येऊन त्यांना जयभीम घातला. बाईंनीही तसाच, हात कपाळाशी नेऊन, घातला.

त्यानंतर बाई तो शब्द सारखा वापरायच्या. बस न थांबवता ड्रायव्हर पुढे गेला तर "माजी ड्रायव्हर." थंडीतही फुललेल्या त्यांच्या खिडकीतल्या जिरेनियमला "माजी फूल." मी त्यांचं व्याकरण दुरुस्त करायच्या भानगडीत पडले नाही.

उन्हाळ्यात माझ्यावर एक वेळ आली. विद्यापीठातून ईमेल आला, की माझ्या निबंधातली दोन पानं दुसऱ्या कोणाच्या तरी लिखाणाशी जुळतात. ते दुसरं लिखाण माझाच कच्चा मसुदा होता, मी आधी लेखन-मार्गदर्शन विभागात तपासायला दिलेला. नक्कल शोधणाऱ्या मशीनला ते कळलं नाही. विद्यापीठाच्या ऑफिसातल्या मॅडम खूप प्रेमाने बोलल्या. म्हणाल्या, एक फॉर्म आहे, चूक मान्य केली असं लिहून सही कर, फक्त ताकीद मिळेल, विषय संपेल. नाहीतर समितीपुढे जावं लागेल, आणि त्याला वेळ लागतो.

मला सही करायची होती. हे प्रामाणिकपणे सांगते. आपल्यासारख्यांना कागदावर शिक्का असलेल्या माणसाशी भांडायची भीती वाटते. वैशालीताईही म्हणाल्या, "सही कर आणि मोकळी हो. व्हिसाचा प्रॉब्लेम नको उगाच."

बाईंनी फॉर्म माझ्याकडून घेतला, नुसती क्रियापदं वाचली आणि विचारलं, "तू नक्कल केलीस?"

"नाही."

"मग इथे सही करणारी मुलगी कोण आहे? मी तिला ओळखते का?"

मी रडायला लागले. बाईंनी मला रडू दिलं. मग दुसरी खुर्ची ओढली, कोरा कागद पुढे ठेवला. "लिही. खाली सही करणारी समितीस सादर अभिवादन करते."

सहा आठवडे मी नीट झोपले नाही. समितीत तीन माणसं होती. त्यांनी दोन्ही मसुद्यांच्या तारखा बघितल्या आणि पंधरा मिनिटांत मला सोडलं. एकाने विचारलं, हे पत्र कोणी लिहून दिलं? मी म्हटलं, शेजारीण. राजदूत आहेत.

म्हणूनच ऑगस्टमधल्या एका दुपारी जे झालं, त्याने मी हबकले. बाईंनी मला हाक मारली. टेबलावर वरवंटा बाजूला केलेला होता आणि फॉर्म मध्यभागी होता. शेजारी पेन.

"बस, सुहाता. साक्षीदार लागतो."

"तुम्ही सही करणार?"

"आंपारोला आता रात्रंदिवस ऑक्सिजन लावलाय." त्यांनी ब्रोच सरळ केला, जो सरळच होता. "एकच शब्द आहे. तो मुलगा बरोबर बोलत होता."

 दोन महिन्यांपूर्वी याच टेबलावर मला त्यांनी सही करू दिली नव्हती. पण माझ्यापुढे फक्त एक पदवी होती, त्यांच्यापुढे बहीण होती. मला मनातून वाटत होतं, करा बाई सही, जा. ते मी बोलले नाही. आजही मला कळत नाही, की बोलायला हवं होतं का.

बाईंनी पेन उचललं. मग ठेवलं. "आधी तिला सांगते. तिच्यासाठी येतेय, तर तिला आधी कळायला हवं."

त्यांनी फोन वरवंट्याला टेकवून उभा केला. पडद्यावर उशी दिसली, नळी दिसली, आणि बाईंचाच चेहरा दिसला, फक्त जास्त सुकलेला. दोघी भरभर बोलायला लागल्या. मला एक शब्द कळत नव्हता. बाई शांतपणे काहीतरी समजावत होत्या. मग पलीकडून एकदम जोरात आवाज आला. आंपारोंच्या एवढ्याशा श्वासात एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. बाई मागे सरकल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

बाईंनी शब्द न् शब्द सांगितला. "म्हणते, सही करून आलीस तर फाटक उघडणार नाही. म्हणते, इतकी वर्षं मी या गावात ताठ मानेने बाजारात गेले, कारण माझ्या बहिणीने सही केली नव्हती. मरताना मला माजी ओतिलियाची बहीण करू नकोस."

"माजी म्हणाल्या?"

"मी तिला तो शब्द शिकवलाय," बाई म्हणाल्या. "मागच्याच आठवड्यात. चुकलंच माझं."

पडद्यावर आंपारो हसत होत्या, खोकत खोकत. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेन उचललं, फॉर्मवरच्या 'स्वेच्छेने राजीनामा'वर पट्टी ठेवून एक रेघ मारली, आणि वर स्पष्ट अक्षरात लिहिलं, 'मला काढलं. मी गेले नाही.' खाली सही केली. फोनसमोर धरून तो कागद बहिणीला दाखवला. मग माझ्यापुढे सरकवला.

साक्षीदाराच्या जागी मी सही केली.  बाई म्हणाल्या, "पूर्ण नाव लिही. 'ज' नीट काढ."

फोन ठेवल्यावर बाई बटाटे सोलायला बसल्या. मी मोजत नव्हते, पण दोन माणसांना लागतात त्याच्या कितीतरी पट त्यांनी सोलले. पातेलं भरलं, मग दुसरं काढलं. मी काढून घ्यायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे."

तीन आठवड्यांनी फॉर्म परत आला. रेघ मारलेला फॉर्म ग्राह्य धरता येत नाही. सोबत नवा कोरा फॉर्म, तोच शब्द छापलेला. बाईंनी तो वरवंट्याखाली ठेवला. ऑक्टोबरमध्ये आंपारो गेल्या.

मी बातमी ऐकून गेले तेव्हा बाई काळा स्वेटर घालून बसल्या होत्या, ब्रोच लावलेला होता. वैशालीताई ड्यूटीवरून तशाच युनिफॉर्ममध्ये आल्या आणि त्यांच्या शेजारी खाली कार्पेटवर बसल्या.  मग वैशालीताई मराठीतच म्हणाल्या, "बाई, चहा ठेवते." आणि बाईंनी मान हलवली, जसं काही कळलं.

दोन दिवसांनी दूतावासाचं पाकीट आलं. काळ्या किनारीचं. आत सांत्वनाचं कार्ड असणार, हे बाहेरून कळत होतं. पोस्टमनने या वेळी ते बरोबर दारात टाकलं होतं. बाईंनी पत्ता वाचला. नावाखाली, माजी राजदूत. मला वाटलं, आज तरी उघडतील. निदान आत त्या चांगल्या मुलाने हाताने दोन ओळी लिहिल्या असतील.

"पेन आहे?" बाई म्हणाल्या.

या वेळी अक्षर वाकडं आलं. 'अशी कोणी व्यक्ती' एका ओळीत बसलं नाही, खाली आलं. मी ते पाकीट कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले. परत आले तेव्हा बाई अजून दारात उभ्या होत्या. मी फक्त कोपऱ्यापर्यंत गेले होते.

जानेवारीत मला लंडनजवळच्या मेडनहेडला नोकरी लागली. निघायच्या दिवशी वैशालीताई आणि रिया कामामुळे, शाळेमुळे घरूनच निरोप देऊन गेल्या. स्टेशनवर बाई एकट्या आल्या. मी नको म्हटलं होतं. गुडघे दुखतात त्यांचे. कोट, टोपी, ब्रोच, सगळं होतं.

 प्लॅटफॉर्मवर मी म्हणाले, ठेच्याची बरणी तुमच्या फ्रिजमध्ये ठेवलीय. त्या म्हणाल्या, माहीत आहे, अर्धी संपवली. मग ट्रेन आली. मी बॅग आत ठेवली आणि दारात उभी राहिले.

"म्हणजे उद्यापासून मी तुझी माजी शेजारीण," बाई म्हणाल्या. 'माजी' मराठीत, बाकीचं इंग्रजीत. नेहमीसारखा गमतीचा सूर काढायचा होता त्यांना, पण तो नीट निघाला नाही.

मला काहीतरी चांगलं उत्तर द्यायचं होतं. मी हळू विचार करणारी आहे, वेळेवर मला सुचत नाही. पण त्या दिवशी सुचलं.

"कोणत्या भाषेत, बाई?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हनुवटी वर गेली, माइकसमोर गेली होती तशी.

दार बंद झालं. मी काचेतून हात हलवला. बाईंनी हलवला नाही. त्यांनी टोपी काढली, दोन्ही हातांनी कोटाच्या पुढे धरली आणि उभ्या राहिल्या. बोचरा वारा होता, वेणीतून सुटलेले पांढरे केस उडत होते. मी आतून ओरडले, टोपी घाला, सर्दी होईल. ते त्यांना ऐकू गेलं नसणार. ट्रेन हलली. प्लॅटफॉर्मवरची बाकी माणसं पाठ फिरवून जिन्याकडे निघाली. ट्रेन वळेपर्यंत मला दिसत होतं, तोपर्यंत बाई हलल्या नव्हत्या.